एक दोर

बिनसावलीची फौज आली तेव्हा
येनखेड्यात भादवा सरत होता.
बोडीच्या पाळीवर त्यांनी तंबू ठोकले,
कमठे टेकवून ठेवले येनाच्या झाडांना.
हाडांचे कमठे, दोन पुरुष उंच,
दोर मात्र वाटेतल्या दलदलीत कुजलेले.

सरदाराने आमची टोपली लाथेने पालथी केली,
एक कोसा दातांत धरून धागा ताणला. हसला.
"तीन हजार दोर. कोजागिरीच्या आत."
फगनीने विचारलं, "अन् मजुरी गा?"
त्याने तिच्या झोपडीकडे पाहिलं,
मग हातातल्या टेंभ्याकडे.
मजुरी कळली.

तू नवी आहेस, तुला सांगते हा धंदा.
कोशात पाखरू झोपलेलं असतं.
राखेच्या पाण्यात उकळायचं,
पाखरू मरतं, धागा सुटतो.
माझ्या मायने उकळलं, मीही उकळलं.
दर हंगामाला हंड्यापुढे हात जोडून
"माफ करजो" म्हणायचं, तेवढंच.
पण न उकळलेलं पाखरू निघायच्या वेळी
आतून भिंतीला एक थेंब लाळ लावतं.
भिंत मऊ पडते, तिचं दार होतं.
बैलाला न तुटणारा धागा
त्या थेंबापुढे भिजल्या भाकरीसारखा.

हे आठवलं भागरताला. रात्री, दळता दळता.
बोलली काही नाही,
जातं थांबवलं फक्त.

मग निम्मे कोसे आम्ही उकळलेच नाहीत.
आढ्याला माळा टांगल्या
आणि खाली बसून राहिलो,
बाळंतिणीजवळ बसावं तशा.
पाखराचं डोकं दिसलं की कापसाची वात पुढे.
थेंब टिपायचा, पाखरू सोडून द्यायचं.
पहाटेला घरभर पंख,
चुलीवर, उतरंडीवर, फगनीच्या केसांत.
इतकी जिवंत पाखरं मी जन्मात पाहिली नव्हती,
आणि सुचत होतं काय, तर माणसं मारणं.

पिळाच्या पोटात वात,
वातीवर आग्या मोहळाच्या मेणाचं कवच,
वरून उकळल्या धाग्याचे पेड.
सरदाराने स्वतः ओढून पाहिले, सकाळच्या गारव्यात.
खूश झाला. फगनीच्या लेकीला गुळाचा खडा दिला.
तिने तो बोडीत फेकला.

राख आणायला त्यांचा एक पोट्टा असायचा,
बारा-तेरा वर्षांचा. त्यालाही सावली नव्हती,
पण उन्हात उभा राहिला
की पायांशी काहीतरी शोधायचा.
आमच्यात बसून आंबील प्यायचा.
आपल्या बोलीतला पहिला शब्द शिकला, "अजून."
त्याचा कमठा त्याच्याहून मोठा.
"माझा दोर तू वळ," म्हणाला. "दुसरी कोणी नाही."

मी वळला.

लढाई भर दुपारी लागली.
अश्विनाचं ऊन, मेणाला तेवढं पुरलं.
तीन हजार कमठे वाकले आणि एका दमात
दोर सुटले, नुसते,
आवाजसुद्धा झाला नाही.
बाण त्यांच्याच पायांशी पडले
तेंदूची वाळली पानं पडावीत तसे.
मग धानाच्या बांध्यांतून आमची माणसं उठली,
विळे, कुऱ्हाडी, मासे टोचायचे भाले घेऊन.
संध्याकाळी नदीपार धूळ तेवढी दिसत होती.

त्या अख्ख्या दिवसात एकच बाण उडाला.
भागरताच्या नवऱ्याच्या मांडीत रुतला.

पोट्टा कुठे गेला माहीत नाही.
चिखलात तुटके कमठे मोजले आम्ही,
इतका लहान हात बसेल असा एकही नव्हता.

इसतारी आता काठीवर चालतो.
येनाच्या झाडावर चढणं सुटलं त्याचं,
कोसे मी उतरवते, त्याच्या वाट्याचेही.
तेल घेऊन गेले की पाय पुढे करतो, विचारतो,
"तीन हजारांत एकच कसा राह्यला वं?"
"मोजताना चुकला असंन," मी म्हणते.

आत भागरता दळत असते.
बोलत काही नाही.
जातं थांबवते फक्त.