साठ दिवस

पत्र आलं, तेव्हा मी धान्याच्या काट्यावर होते,
दुसऱ्यांच्या ट्रकांची वजनं लिहीत.
घरी गेले तर व्हर्लिन मीठ शोधत होता,
मीठ समोरच होतं.

पत्रात लिहिलेलं : गंभीर.
आमच्या घरात हा शब्द आजवर एकदाच आला होता,
त्याचे वडील गेले त्या रात्री,
डॉक्टरच्या तोंडून.

पहिला दंड वायोमिंगचा. वाऱ्यापायी वेग उतरवून
पासष्ट केलेला, आणि हा ब्याऐंशीवर.
दुसरा आयोवात, अकरा महिन्यांनी :
पुढच्या गाडीला खेटून चालवल्याचा.
तीन वर्षांत दोन, की साठ दिवस घरी.
तिसरा झाला तर एकशेवीस.
कुणाला इजा झाली नाही, हे तो सगळ्यांना सांगतो,
न विचारता.

गंमत अशी की पिकअप चालवायला मुभा आहे.
मला कामावर सोडतो,
पिवळा दिवा दिसला की थांबतो,
मागचे हॉर्न वाजवतात.
पुढच्या गाडीशी इतकं अंतर ठेवतो
की मधे एखादं कुटुंब सुखानं राहील.

ट्रक अंगणात उभा आहे.
हप्ता उभा राहत नाही.

रात्री खिडकी उघडी ठेवून तो ऐंशी नंबरचा हायवे ऐकतो.
हा रिकामा चाललाय, म्हणतो.
याचे ब्रेक बघायला हवेत.
मी झोपेचं सोंग घेते,
कारण उत्तर दिलं तर तो गप्प होईल.

तेविसाव्या दिवशी लोवेलचा धाकटा काट्यावर आला,
एका हातात फोन, डोळे फोनवर,
चाळीस टनांचा मका घेऊन.
व्हर्लिन कसा आहे, विचारलं, वर न बघता.
मी पावती पुढे केली आणि सोडली नाही.
त्यानं फोन खिशात घालेपर्यंत धरून ठेवली.

हे रात्री व्हर्लिनला सांगितलं.
हसेल वाटलं होतं.
तो बराच वेळ ताटातला बटाटा कुस्करत राहिला.
मग म्हणाला,
ती लाल गाडी मधे घुसली, हे खरंय.
पण मागच्या काचेला पोराचं ऊन अडवायचं कापड होतं,
त्यावर बदकं होती.

किती बदकं, ते मला मोजता आलं, ट्वायला.