पाच फूट डावीकडे

एप्रिलचा पहिला आठवडा. विस्कॉन्सिनचा काठ,
नदीला अजून बर्फाची चव.
मार्वेल स्कार दुकानात आली, बूट न पुसता,
काउंटरवर टोपी टाकून म्हणाली,
"बोट एका जागी धरून ठेवणारी मोटर दाखव."

खिडकीतून ओडेल दिसत होता,
पिकअपमध्ये, इंजिन चालू ठेवून,
उजवा हात गळ्यातल्या झोळीत.
तो आत येणार नव्हता.
आपल्या जागी कुणाला ठेवतायत
हे बघायला कोण येतं?

मी विचारलं, बोट केवढी?
सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, सपाट बुडाची.
माणसं, आमिषं, जुनं इंजिन, थर्मास धरून
अकराशे पौंड.
मग हिशेब मांडला, तळ्याचा:
शंभराला दोन पौंड रेटा,
म्हणजे बावीस. चला, तीस धरू.
ती हसली. "तळं कुणी मागितलंय?"

खरंच होतं. तळ्यात मोटर बोटीला नेते.
मिसिसिपीत, धरणाच्या खाली,
वितळलेलं अख्खं मिनेसोटा अंगावर येत असताना
जागच्या जागी राहायचं
म्हणजे तासाला साडेतीन मैल चालायचं,
दिवसभर,
आणि कुठेही पोचायचं नाही.

पंचावन्न पौंडांची, बारा व्होल्टची, मी बाजूला सारली.
धरेल, पण दात-ओठ खाऊन,
आणि दुपारच्या सँडविचआधीच बॅटरी मान टाकेल.
ही ऐंशीची घ्या, चोवीस व्होल्टची,
अर्ध्या दमात धरेल.
बॅटऱ्या दोन लागतील, त्या मागे ठेवा,
नाहीतर नाक पाण्यात.
आणि दांडा साठ इंची. आखूड घेतलात
तर मालाची बार्ज गेली की लाटेवर
पंखा हवेत भिरभिरणार,
तेवढ्या वेळात नदी तुम्हाला घेऊन जाणार.

नांगर? मी उगाच विचारलं.
तिने काउंटरवरून दोन बोटांनी
एक ओंडका वाहत आणला.
"मागच्या वसंतात. दोरी कापायला सुरी सापडेना.
ओडेलने नांगर उपसला, एका हिसक्यात.
बोट वाचली. खांदा तिथेच राहिला."

मग टोपी उचलून आतला पट्टा बघत राहिली.
"बावीस वर्षं तो वल्ही धरून बसायचा, मी गळ टाकायची.
त्याला कष्ट पडतायत हे मला कधी कळलंच नाही.
मला वाटायचं, नदीच तिथे हळू आहे."

किंमत सांगितल्यावर तिने एकदा खिडकीबाहेर पाहिलं,
मग वीस-वीसच्या नोटा मोजल्या, थुंकी लावून.

गुरुवारी बसवून दिली. पहिल्या फेरीला मीही गेलो.
पाण्याखालच्या दगडी बांधापाशी तिने रिमोटचं बटण दाबलं.
उपग्रहाने जागा ओळखली,
मोटर स्वतःशी पुटपुटत मान वळवू लागली,
इकडे, तिकडे,
आणि बोट थांबली. बाजूने फेस वाहत गेला.

ओडेल मधल्या फळीवर, रिकामा.
मोटरने जोर लावला की त्याची डावी मूठ
मांडीवर आपोआप मिटायची.

तास गेला. एक वॉलाय नाही.
मोटर हातभरही चुकली नव्हती.
ओडेलने हात पुढे केला.
मार्वेलने गळ्यातला रिमोट काढला
आणि न बघता त्याच्या तळव्यावर ठेवला.
त्याने चष्मा कपाळावर सारला, बाण शोधला,
एकदाच दाबला.

पाच फूट डावीकडे.
मोटर कुरकुरली, सरकली, पुन्हा धरून बसली.
"इथे," तो म्हणाला.
सकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द.

मार्वेलने गळ गुंडाळून पुन्हा टाकला.
नदी तिथे हळू होती.
मी बॅटरीचा आकडा वाचत बसलो,
चौऱ्याऐंशी टक्के,
गरज नसताना दोनदा.