समुद्र कुठल्या हाताला

रायबंदरच्या धक्क्यापासून चौथं घर.
तेर्तुलियानबाबच्या बाल्कांवात मी कंपनीचं पत्र घेऊन बसले होते:
बैरा, मोझांबिक. बंदरातला गाळ उपसायचं काम, अठरा महिने.
आमच्या डिचोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं
तिथं रस्ता कसा ओलांडतात.

त्यांनी पेल्यातलं पाणी सिमेंटच्या बाकावर ओतलं
आणि बोटानं शहर काढायला घेतलं.

"हे स्टेशन. ही माझी खिडकी, एकोणीस वर्षं.
बाहेर पडलीस की आधी सावलीत उभी राहा,
घाईतला माणूस टॅक्सीवाल्यांना लांबून दिसतो.
मशिंबोंबोत पुढच्या दारानं चढ."
मशिंबोंबो म्हणजे बस.
तो शब्द म्हणताना त्यांची कवळी हलली,
आतून फिलूचं हसू ऐकू आलं.

"भाडं आधी ठरव. नाही म्हणायचं तर हसून म्हण.
आणि 'बोम दिया' म्हटल्याशिवाय कुणाला वाट विचारू नको.
तुम्ही घंटा वाजवल्याशिवाय देवाकडं काही मागता?"

"बसला किती पडतात?"
"दोन एस्कुदो."

मी फोनमध्ये पाहिलं.
ते नाणं केव्हाच मोडीत निघालं होतं.
त्यांनी सांगितलेल्या रस्त्यांना आता दुसऱ्याच माणसांची नावं होती.
मी फोन पालथा ठेवला.

उन्हानं आधी स्टेशन पुसलं,
मग मासळीबाजार.
ते पुन्हा बोट बुडवायचे, पुन्हा काढायचे,
दर वेळी बाजार थोडा सरकायचा,
एकदा तर थेट नदीतच गेला.
"मोठं वादळ येऊन गेलं म्हणतात," ते म्हणाले,
"असेलही तिथं."

"आणि हरवले तर?"

ते काठी टेकत उठले.
माझे खांदे धरून मला उलटं फिरवलं,
मांडवीच्या मुखाकडं पाठ, जुन्या गोव्याकडं तोंड.
"इथं दिवस दर्यात बुडतो. तिथं दर्यातून वर येतो.
दर्या तोच, बाय, आपण पलीकडच्या काठावर.
पहिले सहा महिने मी संध्याकाळी
सूर्याच्या मागोमाग समुद्र शोधत जायचो.
चांगला मैलभर.
खारा वास येईना, तेव्हा कळायचं."

"मग?"
"मग काय. वळायचं."

फेरीचा भोंगा वाजला. फिलूनं बाटलीभर सोलकढी दिली,
बैऱ्यापर्यंत टिकेल अशा थाटात.
मी वळून पाहिलं तेव्हा ते अजून उभेच होते,
बाक कोरडा, बोट ओलं.

फेरीत माझ्या शेजारी भाड्याची स्कूटर, वर एक पाहुणा,
उन्हानं नाक सोललेला.
"पणजी किती लांब?" त्यानं थेट विचारलं.
तो निघाला होता पणजीला, फेरी चोडणला.
मी काहीच बोलले नाही.
तो गोंधळला. मग हेल्मेट काढून म्हणाला,
"नमस्कार."

"नमस्कार," मी म्हटलं,
आणि मागं सरकणाऱ्या काठाकडं
बोट दाखवलं.