चौथा डबा

तांदळाची कणी, कुकरला तीन शिट्या,
गार करून पिशवीत, आणि त्यावर बुरशी.
आठवड्याने पिशवी हिरवी होते,
शेवाळासारखी नव्हे,
तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तशी.
आई म्हणते, नासलेला भात मोजायचा पगार देतात तुला.
तीन महिने झाले, तोही देत नाहीत.

पालशेतला, समुद्राकडे पाठ केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये
माझे चार डबे.
प्रत्येकात गेंडा भुंग्याच्या वीस अळ्या,
अंगठ्याएवढ्या, मुटकुळं करून पडलेल्या,
शेणखताच्या खड्ड्यातून मीच उपसलेल्या.
पहिल्यात बाजारातलं औषध
(औषधच म्हणतात सगळे, ज्याने मरतं त्यालाही).
दुसऱ्यात बुरशी.
तिसऱ्यात निम्मी बुरशी, निम्मी निंबोळी पेंड.
चौथ्यात नुसतं पाणी.

धाकू पाडेली दारात उभा राहून विचारतो,
"ह्यात काय घातलंस?"
काही नाही.
"मग ठेवलास कशाला?"
काहीच केलं नाही तर काय होतं, ते कळायला.
तो हसतो. कमरेच्या आकडीला कोयता,
कोयत्याशेजारी लोखंडी सळी, टोकाला गळासारखी वळवलेली.
माडावर चढतो, शेंड्यातल्या भोकात सळी सारतो,
आणि पाय हलवणारा भुंगा
खाली माझ्या चपलेशी टाकतो.
"एकास एक. लिही."

रोज साडेआठला चिमटा, टाचणी, वही.
टोचल्यावर हलली तर जिवंत.
नाही हलली तर थांबून पुन्हा टोचायचं,
कारण घाईत मेलेलं लिहिलं
की दुपारी चालायला लागतं.

पहिला डबा दोन दिवसांत संपला. वीसपैकी वीस.
माझंही डोकं दुखलं संध्याकाळपर्यंत.
दुसऱ्यात सहा दिवस काहीच नाही.
मग एक अळी खायची थांबली.
मग ताठ. मग कापसासारखी पांढरी,
आणि त्या पांढऱ्यावर, सावकाश, कळंक.

अकराव्या दिवशी चौथ्या डब्यात एक पांढरी.
मी टोपण लावलं.
पुन्हा उघडलं.

चौथ्यातही काही मरतात, हे ठाऊक असतं.
तेवढं वजा करायचं,
त्याचं सूत्र भिंतीवर चिकटवलेलं आहे.
पण हे वजा करण्यातलं नव्हतं,
हे माझ्या नखातून आलं होतं.
पाणी आधी, बुरशी शेवटी, असा मोजायचा क्रम;
एका गुरुवारी धोपाव्याची फेरी चुकेल म्हणून
हाताशी येईल तो डबा उघडत गेले.

पंधराव्या दिवशी बारा.
केळसकर मॅडम फोनवर म्हणाल्या,
"बाद कर. सप्टेंबरात पुन्हा लाव."
ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
मी बारा लिहिलं. खाली लिहिलं, हात न धुता.
खोडलं नाही.

सप्टेंबरात अळ्या आणायला
इंदुमती साळवींच्या खड्ड्यावर गेले,
जिथे कुणी कधी काही घातलेलं नाही.
दुसऱ्या घमेल्यात, तळाशी, तीन हिरव्या.
बोटांत धरल्या तर खडूसारख्या चुरल्या.
मेमध्ये ह्याच खड्ड्यात हेच हात
कोपरापर्यंत होते.
किंवा ती आपली आपणच आली असेल,
मातीत असतेच म्हणतात.

"रोग पडला वाटतं," इंदुमतीबाई वाकून म्हणाल्या.
हो.
"चांगला की वाईट?"
वरून, झावळ्यांतून, धाकू विचारत होता किती झाले.
वहीत चारच रकाने आखलेले,
आणि पट्टी शेडमध्ये राहिलेली.

घरी आई उन्हात तांदूळ पसरून बसली होती.
वेखंडाला न जुमानता
टोके सुपाच्या कडेवरून रांगेने खाली उतरत होते,
ती एकेकाला बोटाने अंगणात उडवत होती, जिवंत.
मी मुठीत तांदूळ घ्यायला वाकले.
"आधी हात धू," म्हणाली.
धुतले होते.
पुन्हा धुतले.