ताव

गुडघा छान बसला होता.
डॉक्टरांनी मोबाईलवर एक्स-रे दाखवला,
तर आण्णा चष्मा वर करून म्हणाले,
जोड दिसत नाही कुठे, झाळण कशाचं?
सिमेंट, म्हणाले डॉक्टर, आणि हसले.

तांबट आळीत पन्नास वर्षं मठारकाम करून
आण्णांचे कान गेलेत.

गंगापूर रोड, तिसरा मजला, रात्रीचे अडीच.
आईचे पाय इंजेक्शनने बधिर.
दुखत नाही काहीच, म्हणत होती,
आणि आम्हाला त्याचंच कौतुक.

आण्णा पाण्याला उठले. परतताना
चादरीखाली हात घातला.
आईच्या पायाला हात लावताना
मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.
डावं पाऊल. उजवं. परत डावं.
"ह्याचा ताव गेलाय."

सिस्टर म्हणाली, एसी आहे ना बाबा, ब्लँकेट देते.
आण्णांना ऐकू आलं नाही.
बरं झालं.
ते उभेच, अंगठा पावलावर आडवा.
"द्वारके, बोटं हलव."
आईने हलवली. म्हणजे, तिला तसं वाटलं.

निवासी डॉक्टर आला, डोळे चोळत.
पेनाएवढं यंत्र, गार जेल.
डाव्या पावलावर हुश्श, हुश्श, हुश्श.
उजव्यावर नुसती खरखर.
त्याने घोट्यामागे लावलं. खरखर.
आण्णा यंत्राकडे बघत नव्हते,
पोराच्या तोंडाकडे बघत होते.

गुडघ्यामागची धमनी. आत गुठळी.
असं क्वचित होतं, म्हणाले मोठे डॉक्टर, पहाटे चारला.
संमतिपत्रात होती ती ओळ, चौथ्या पानावर.
खाली सही माझी.

डाव्या मांडीतली शीर काढून उजवीकडे जोडली.
आण्णांनी ह्यांनाही विचारलंच, झाळण कशाचं?
धागा, बाबा. केसाहून बारीक.
"आणि गळत नाही?"
डॉक्टर जरा थांबले. नाही गळणार, म्हणाले.

अंगठ्याशेजारचं बोट मात्र काळं पडलं ते पडलंच.
ऑपरेशनआधी काढलेलं त्यावरचं जोडवं
अजून माझ्या पर्समध्ये आहे,
पार्किंगच्या पावतीत गुंडाळलेलं.
द्यावं की नाही, कळत नाही.

आई म्हणते, गेलं तर गेलं,
गुडघा बघ कसा वाकतो.
आणि वाकवून दाखवते, येईल त्याला.
रात्री आण्णा खाटेच्या पायथ्याशी बसतात,
पावलावर अंगठा ठेवून.
अहो, सोडा आता, ती म्हणते.
त्यांना ऐकू येत नाही.