सोनाका

रात्री पावणेदोनला दौलत गांगुर्डेचा फोन:
“मॅडम, तीन नंबरची खोली चार अंशांवर गेलीय.
सकाळी कंटेनर लागणार.”
मागे कुठेतरी लोखंडी दार आपटलं.

इंदिरानगरातून मी सातपूरच्या सर्व्हरमध्ये शिरते,
सातपुरातून ओझरच्या,
ओझरच्या पोटातून दिंडोरीच्या कोल्ड स्टोरेजात,
जिथे एक म्हातारं यंत्र कॉम्प्रेसर सांभाळतं.
कुणीतरी हौसेने द्राक्षाचंच नाव ठेवलंय त्याला: सोनाका.

पहिल्याच आज्ञेत एक अक्षर जास्त पडलं.
खोडायला गेले तर खोडलं काहीच नाही,
उलट टोपी घातलेला एच उगवला,
त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा,
लग्नात पहिल्या रांगेत बसलेल्या मामांसारखे.
वरचा बाण दाबला:
टोपी, कंस, कंस, ए.
माझ्या टेबलावर ज्याला खोडणं म्हणतात
त्याला सोनाकाच्या गावी दुसरं नाव आहे
आणि मधल्या दोघांनी
दुभाष्याचं काम अंगावर घेतलेलंच नाही.

अख्खी ओळच पुसली.
खोडायची कळ कुठली, ते एकदा
त्याचं बोट धरून दाखवून दिलं.
शिकला. म्हातारे शिकतात, सांगायला माणूस लागतो.

पाणी कुठवर चढलं ते बघायला
गोदावरीत दुतोंड्या मारुती उभा आहे,
गुडघा, कंबर, छाती.
मी किती खोल आलेय ते बघायला
माझ्याकडे एकच प्रश्न: तुझं नाव काय?
विचारला.
सोनाका, म्हणाला सोनाका.

मग दिवसभराच्या सवयीने,
हिशेबाच्या तक्त्यावर जातात तशी बोटं गेली
कंट्रोल आणि एसवर.
जपून ठेवण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.

पडदा थिजला.
एंटर. एंटर.
सुरू करायची आज्ञा. काही नाही.
बंद करायची. काही नाही.
पुन्हा सुरू करायची.
शेवटी इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिलं: आहेस का?
एंटर.
त्यानंतर एक शिवी, ती इथे लिहीत नाही.

अखेरचा उपाय म्हणजे लाटेचं चिन्ह आणि टिंब.
पण लाटा मोजाव्या लागतात.
तीन लाटा दिल्या तर फक्त सोनाका सुटतो,
दोन दिल्या तर ओझर,
आणि घाईत एकच दिली
तर सातपुरासकट सगळं हातातून जातं,
आपण आपल्याच खुर्चीत, गार चहासमोर.
पूर्वी दोनदा झालंय माझं.
बोट लाटेवर ठेवून मी मोजत होते,
तेवढ्यात फोन.

“मॅडम, काय चाललंय तुमचं?
सुरू झालं, बंद झालं, परत सुरू झालं.
आता राहू दे का?”

म्हणजे पोचत होतं.
एकूण एक अक्षर पोचत होतं.
तो ऐकत होता, करत होता,
फक्त त्याच्या तोंडावर हात माझाच होता
आणि मी त्याच्यावरच चिडले होते.

कंट्रोल आणि क्यू.

अडवलेलं सगळं एकदम आलं:
सुरू. बंद. सुरू.
त्याखाली, अगदी सरळ चेहऱ्याने,
‘आहेस’ नावाची आज्ञा सापडली नाही.
त्याखाली शिवीलाही तेच उत्तर.

बाहेर पड, म्हटलं, आणि ओझरला आले.
बाहेर पड. सातपूर.
बाहेर पड.
चौथ्यांदा लिहिणार होते, तेवढ्यात थांबले,
आणि स्वतःच्याच यंत्राला नाव विचारून घेतलं.

फोन टेबलावर पालथा पडला होता, चालूच.
कॉम्प्रेसरची घरघर येत होती, माणसाचा आवाज नाही.
“दौलत, आहेस का?”
“आहे की. तीन पॉइंट दोन.”