मा

ओवे गावात आमच्या घरावर दोन खोल्या आहेत,
टाटाच्या पेशंटांना भाड्याने देतो.
एकीत नांग चामी, अरुणाचलच्या नामसाईची,
नवऱ्याच्या रेडिएशनसाठी आलेली.
दुसरीत आसामातले थुमुंगबाबा आणि त्यांचा पोरगा.
बाबांच्या घशाचं ऑपरेशन. आवाज काढूनच घेतलेला.
गळ्याला भोक, भोकावर जाळीचा रुमाल.

महिनाभर दोन दारं परकीच.
मग एका संध्याकाळी नळ आला
आणि पोरगा जिन्यातून ओरडला, "नाम!"
मला वाटलं, हरीचं.
नांग मात्र बादली घेऊन धावली.
तिच्याकडेही पाण्याला नामच.

त्या रात्री जिन्यात बसून दोघं शब्द लावत होते,
पावत्या आणि रिपोर्ट लावतात तसे.
भात, खाउ. मासा, पा.
बरेच जुळले, काहींचं शेपूट वेगळं निघालं,
एकदोन ऐकून दोघंही गप्प झाले.
पोरगा म्हणाला, आमची फाके बोलणारे
दोन हजार असू, नसू.
एवढे तर आमच्या सेक्टरात राहतात.

मी काय सांगणार.
शाळेत मी "जवला" लिहिला होता,
आई म्हणायची तसा.
बाईंनी लाल गोल काढला.
तेव्हापासून तव्यावर जवला, वहीत जवळा.

बाबांचे ओठ एकदा हलले. मा.
नांग म्हणाली, दीदी, "ये" म्हणजे मा,
कुत्रा मा, घोडाही मा.
चढवला की एक, उतरवला की दुसरा,
सगळा फरक गळ्यात, आणि गळा तर
पुढचं ती बोलली नाही.
बाबांनी बोट उचललं,
हवेत रेघ ओढली. वर नेली, वाकवली, खाली सोडली.
नांग हसली. म्हणाली, कुत्रा!
खरंच, पायरीवर काळू उभा होता.

होळीआधी ते गावी गेले.
डिपॉझिटमधून मी बल्बचे पैसे कापले नाहीत.

आता काळूला मी हाक मारते, मा.
आतून नांग ओरडते, दीदी, तो घोडा झाला!
मी बोट वर नेते, जरा वाकवते.
काळू बोटाकडे बघत बसतो.
भाकर दिसली की येतो.